सान पेद्रोचा नवा चेहरा

शनिवार, ६ एप्रिल २०१९. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. चर्चच्या सभागृहातलं घड्याळ माझ्या अगदी समोर होतं, आणि ते बरोबर चालतं.

गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतल्या मूर्तींचा क्रम वाचायची सभा. दरवर्षीची. पंधरा मिनिटांत आटोपते, मग सगळे सरबत पिऊन घरी जातात, कारण क्रम कधी बदलतच नाही. व्हेरोनिकाची मूर्ती ओकाम्पोंची, माग्दालेनाची दातांच्या डॉक्टरांची, शवपेटीतला ख्रिस्त चर्चचा. आणि सगळ्यांच्या पुढे सान पेद्रो, ख्रिस्ताचा पट्टशिष्य, आमचा. पणजोबांनी करवून घेतला तेव्हापासून आमच्याच घरात राहतो, आमच्याच घरून निघतो.

फादर क्लेमेन्तेंनी कागद उघडला आणि वाचलं: "क्रमांक एक. सान पेद्रो. मॉन्तेक्लारो कुटुंब."

मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. तरुण आहेत, चष्मा लावायला लाजतात. मी उभी राहून दुरुस्ती केली. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "यंदा नवी मूर्ती येते आहे, मिस पेर्पे. तुमची फार जुनी झाली. तिला आता विश्रांती देऊ या."

विश्रांती! मी कोर्टातून निवृत्त झाले तेव्हा मला निदान एक भिंतीवरचं घड्याळ तरी दिलं होतं.

मेयर ओनाय मॉन्तेक्लारो पहिल्या रांगेत बसली होती. सभा सुरू व्हायच्या आधी अख्खं सभागृह ओलांडून माझ्याकडे आली होती, वाकली होती, माझा हात उचलून कपाळाला लावला होता, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात तसा, शहाण्या मुलीसारखं. आधी माझा हात कपाळाला लावला, मग मला रांगेतून काढलं.

 मिसेस ओकाम्पो माझ्याबरोबर कॉन्व्हेंटात एका बाकावर बसलेली. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. फार वेळ शोधत होती.

रविवार, ७ एप्रिल

मिस्सेला गेले. प्रवचन नम्रतेवर. ऐकवायचं कुणाला होतं, ते सगळ्या चर्चला कळलं.

सोमवार, ८ एप्रिल

फादरना पत्र लिहिलं, प्रत मेयरला. तीन ओळी. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, आम्हाला का विचारलं नाही? कॉन्व्हेंटातल्या सिस्टर वाल्बुर्गा म्हणायच्या की रागात लिहिलेल्या पत्राला विशेषण नसावं. मी एकही घातलं नाही. "उद्धट" शब्द फार जवळ आला होता, पण आवरला.

अदेल्फाने पाकीट पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. माझ्या बहिणीची ही मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच असते, मला तीता म्हणते, म्हणजे मावशी. नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स आहे, पण कायम नाही. दर सहा महिन्यांनी नवा करार, आणि त्यावर मेयरची सही. अशी सात वर्षं झाली. जूनमध्ये पुन्हा सहीची वेळ.

"तीता, एक वर्ष," ती म्हणाली. "एकच वर्ष गप्प बस. निवडणूक होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, निवडणूक मे महिन्यात आहे, गुड फ्रायडे एप्रिलमध्ये.  ती कपबशी उचलून धुवायला घेऊन गेली.

पत्र मात्र पाठवलं.

मंगळवार, ९ एप्रिल

फादर आले. उत्तर घेऊन नाही, तोंडी समजूत घालायला. माझ्याकडचे दोन पापड खाल्ले, कॉफी प्यायले आणि छपराबद्दल बोलले. गेल्या वादळात चर्चचं अर्धं छप्पर गेलं, मेयरने महिन्याच्या आत पत्रे टाकून दिले. खरं आहे ते. पाऊस आला तेव्हा आम्ही कोरडे बसलो होतो. ही बाई काम करते, हे मी कधीच नाकारलं नाही. पुलाचंही तेच, दवाखान्याचंही तेच. म्हणूनच तर तिला नाही म्हणणं इतकं अवघड.

मी विचारलं, नवी मूर्ती तुम्ही पाहिलीत का?

म्हणाले, अजून मेयरच्या गॅरेजमध्ये आहे, कापडात गुंडाळलेली. संत तो संतच, मिस पेर्पे.

माणूस वाईट नाही. घाबरट आहे. घाबरट माणसाच्या हाती याद्या असल्या की काय होतं, ते मी कोर्टात तीस वर्षं टाइप केलं आहे.

बुधवार, १० एप्रिल

तांदळाचे केक विकणारी आलिंग बेबांग सकाळी बिबिंग्का घेऊन आली आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच कुजबुजायला लागली. काल तिने मेयरकडे पन्नास बिबिंग्का पोचवल्या. गॅरेजातून जाताना कापड सरकलेलं होतं.

"मिस पेर्पे, तो गव्हर्नर आहे हो!"

कोण गव्हर्नर?

"मोठा गव्हर्नर. हिचा बाप. दाढी लावली आहे, तपकिरी झगा घातला आहे, हातात किल्ल्या आहेत. पण नाकाशेजारचा तीळ तोच, खालचा ओठ तोच. मी आधी क्रूसाची खूण केली. मग घाबरून मागे सरले. मग पुन्हा खूण केली, कारण संताला पाठ कशी दाखवायची?"

हसावं की काय करावं, कळेना. मी दोन बिबिंग्का घेतल्या. एकही खाल्ली गेली नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, ही कोर्टाची सवय. सकाळी मेयरच्या घरी गेले.

अंगणात चाळीस-पन्नास माणसं. कुणाला शवपेटी हवी, कुणाला मनिलाच्या इस्पितळासाठी चिठ्ठी, कुणाच्या मुलाला पोलिसांनी उचललं आहे. ओनाय अनवाणी उभी, एका हातात पेजेचा वाडगा, दुसऱ्या हातात फोन. एकेकाचं म्हणणं ऐकते, मधे तोडत नाही, फोन करते, पुढचा. एका म्हातारीला शवपेटीबरोबर माणसंही दिली, उचलायला. नाव विचारावं लागलं नाही. म्हातारीच्या मेलेल्या नवऱ्याचंही नाव तिला ठाऊक होतं. मी अर्धा तास बघत बसले. खरं सांगायचं तर अशी न्यायाधीश मला एकही मिळाली नाही.

भिंतीवर पोस्टर. ती आता गव्हर्नरपदाला उभी आहे. शेजारी बापाचा फोटो, खाली लिहिलंय: "तोच हात, तीच साथ." हात कोणता, ते मला ठाऊक आहे.

माझी पाळी आली तेव्हा तिने सगळ्यांना थांबवलं आणि मला स्वतः गॅरेजमध्ये नेलं. कापड तिनेच काढलं.

बेबांग खोटं बोलली नव्हती. मूर्ती माणसाहून मोठी. चेहरा सेव्हेरो मॉन्तेक्लारोचा. चाळिशीतला, धिप्पाड, माझ्या आईला ज्याने कॉफी पाजली तोच. डोळ्यांतून गालांवर काचेचे अश्रू. पायाशी कोंबडा.  मी मोटारीच्या बॉनेटला धरलं.

"कुणासारखा वाटतो?" तिने विचारलं. सरळ, डोळ्यात डोळे घालून.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

"पेद्रोने ख्रिस्ताला तीन वेळा नाकारलं, मिस पेर्पे. कोंबडा आरवला तेव्हा बाहेर जाऊन रडला. म्हणून तो संत. माझ्या बापाने काय काय केलं, ते या गावात कुणाला ठाऊक नाही? मला त्याला रडताना दाखवायचं आहे. सगळ्यांच्या पुढे."

आता इथे माझी जीभ मला आवरली नाही.

"पेद्रो स्वतः रडला होता, मेयर. तुमच्या वडिलांना तुम्ही लाकडात रडवलंत."

 तिने कापड पुन्हा नीट घातलं, कोपरे खोचले. आणि अगदी सहज, बाहेर येता येता म्हणाली, अदेल्फा फार चांगली नर्स आहे. तिची नेमणूक आता कायम करून टाकावी असं तिच्या मनात आहे. याच आठवड्यात.

मी घरी कशी आले, आठवत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

सिसोबद्दल मी कधी लिहीत नाही. आज लिहिते, नाहीतर हे सगळं एका म्हातारीचं मानापमानाचं भांडण वाटेल. मलाच वाटायला लागलं आहे.

नार्सिसो, माझा धाकटा भाऊ. शेतकी कॉलेजात. एकोणीस वर्षांचा. लष्करी कायद्याच्या दिवसांत, सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात, कुळांच्या जमिनींबद्दलची पत्रकं वाटत होता. एक जीप आली आणि तो तिच्यात बसला. बसवला गेला. बाजारातल्या लोकांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही.

आई गव्हर्नरच्या बंगल्यावर गेली. त्याने व्हरांड्यात बसवलं, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि सांगितलं की असला मुलगा त्याने बघितलेला नाही. डोंगरात बंडखोरांकडे गेला असणार, हल्ली पोरं जातात. शेवटपर्यंत तेच सांगितलं. मरेपर्यंत. मेला तोही बिछान्यात, तोफांच्या सलामीसह.

आई त्यानंतर दरवर्षी सान पेद्रोशेजारून चालली. तोवर बाकीच्यांसारखी रथामागून चालायची. सिसो गेल्यापासून रथाच्या बाजूने, डोक्यावर काळी ओढणी. मिरवणूक गव्हर्नरच्या घरासमोर थांबते, तो रिवाज आहे. पहिला रथ आमचा. गव्हर्नरला मेणबत्ती घेऊन खाली यावं लागे, रस्त्यावर गुडघे टेकावे लागत. पेद्रोसमोर. म्हणजे माझ्या आईसमोर. आई त्याच्याकडे बघायची आणि तो जमिनीकडे. वर्षातून एकदा, एक मिनिट. अख्ख्या प्रांतात आणखी कुणासमोर त्या माणसाने मान खाली घातली नाही.

आई गेल्यावर ती जागा मी घेतली. तेवढीच आमच्याकडे होती.

आणि आता त्या रस्त्यावर आम्ही गुडघे टेकायचे. त्याच्या चेहऱ्यासमोर.

शनिवार, १३ एप्रिल

फादरकडून उत्तर नाही.

रविवार, १४ एप्रिल. झावळ्यांचा रविवार.

आज पेद्रोचे कपडे बदलायचा दिवस. दरवर्षी नऊ-दहा जणी येतात. जुना झगा उतरवायचा, लाकूड तेलाने पुसायचं, नवा चढवायचा. गप्पा, भाताचे लाडू, कुणाची सून कशी, सगळं. मी तांदूळ भिजवले, गूळ आणला, खुर्च्या मांडल्या.

मिसेस ओकाम्पोने गुडघेदुखी कळवली. डॉक्टरांच्या बायकोकडे पाहुणे. बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही.

बेबांग आली. दुपार झाली तेव्हा दार लावून घेतलं आणि आम्ही दोघींनीच पेद्रोला तेल लावलं. त्याचं नाक किड्याने थोडं खाल्लं आहे. डोळे शांत. हा कुणाचाच चेहरा नाही. पणजोबांचा नाही, राजाचा नाही. म्हणून इतकी वर्षं सगळ्यांना त्यात आपलं माणूस दिसलं.

बेबांग म्हणाली, "यांना एकट्याला ठेवून तुम्ही कुठे जाऊ नका."

कुठे जाणार?

लाडू उरले. अदेल्फा दवाखान्यात घेऊन गेली. तिथेही कुणी खाल्ले नाहीत, असं संध्याकाळी कळलं.

सोमवार, १५ एप्रिल

समोरच्या आंब्याखाली मोटरसायकल. दोन माणसं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. सकाळी आठपासून. या उन्हात हेल्मेट कोण घालून बसतं? या देशात मोटरसायकलवरची दोन माणसं गोळी घालून निघून जातात, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मी खिडकीपासून लांब राहिले. मग स्वतःचीच लाज वाटली. मग पुन्हा लांब राहिले. जपमाळ घेतली, पण मोजणी चुकत होती. अदेल्फाला फोन करून सांगितलं, मागच्या गल्लीने ये. तिने का म्हणून विचारलं नाही. तिलाही माहीत होतं!

दुपारी उठले, छत्री घेतली आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. विचारलं, कुणाचे?

एकाने हेल्मेट काढलं. पंचविशीचा असेल, गालावर पुरळ. आजी म्हणावं तसं मला लोला म्हणाला. "मेयरनी पाठवलंय, लोला. तुमच्या सुरक्षेसाठी."

मी म्हटलं, "मला धोका कुणापासून आहे?"

तो दुसऱ्याकडे बघायला लागला. दुसरा म्हणाला, "ते नाही सांगितलं."

पाणी हवं का विचारलं. हो म्हणाले. पाणी दिलं. काय करणार? सिस्टर वाल्बुर्गांनी मारेकऱ्यांशी कसं वागावं ते शिकवलं नव्हतं, पाहुण्यांशी कसं वागावं तेच शिकवलं.

मंगळवार, १६ एप्रिल

निवडणूक अधिकाऱ्याकडे गेले. गुरुवार-शुक्रवार प्रचारबंदी, हा कायदाच आहे. पोस्टर नाही, गाडी नाही, भोंगा नाही. मग उमेदवाराच्या बापाचा चेहरा रथावर चढवून, दिवे लावून, अख्ख्या गावातून फिरवणं हा प्रचार नाही तर काय?

पोरगा हुशार होता. सगळं ऐकून घेतलं. मग हसू दाबून म्हणाला, "मॅम, संत निवडणुकीला उभे नाहीत."

ते तोंडचं वाक्य मी त्याच्याकडे लेखी मागितलं. त्याने दिलं नाही.

परत येताना ट्रायसिकल-रिक्षावाल्याने मला बसवून घेतलं नाही. तिघांनी. चौथ्याने घेतलं, पण कोपऱ्यावरच उतरवलं. म्हणाला, पुढे रस्ता खराब आहे. तो रस्ता मेयरने गेल्याच वर्षी केलाय.

बुधवार, १७ एप्रिल

अदेल्फाची नेमणूक कायम झाली. मेयरने स्वतःच्या दालनात शपथ दिली, फोटो काढले, केक कापला. ती घरी आली तेव्हा गालाला क्रीम लागलेलं होतं. मला वाटलं रडेल. रडली नाही. भांडली.

"सात वर्षं मी या कागदाची वाट बघितली, तीता. सात वर्षं! आणि आज मिळाला तर घरात यायची भीती वाटली मला. घरात!"

मी म्हटलं, मी तुला नको घेऊ म्हटलं का?

"म्हणत नाहीस. बघतेस. तुझं बघणं पुरेसं असतं."

मग जरा थांबून, हळू: "सिसोमामाला मी पाहिलंही नाही. पण या घरात मी त्याच्याच ताटात जेवले. तुमच्यापैकी कुणी मला कधी विचारलं, मला हे हवं आहे का?"

  तिच्या गालावरचं क्रीम रुमालाने पुसावं असं वाटलं, पण ती आत निघून गेली होती.

रात्रभर विचार केला. तिची नोकरी आता पक्की, काढता येणार नाही. कागदावर. पण बदली करता येते. डोंगरातल्या दवाखान्यात पाठवता येतं. ओनायला ते एका फोनचं काम. आणि मी कशासाठी अडून बसले आहे? पहिल्या जागेसाठी? आई असती तर काय म्हणाली असती? आई कधी काही म्हणायचीच नाही. चालायची.

बहुधा उद्या फादरना सांगून टाकेन. पेद्रोला राहू दे घरी. मी दाराशी मेणबत्ती लावेन.

गुरुवार, १८ एप्रिल. सकाळ.

सांगायची वेळच आली नाही. ओनायच आली.

सात चर्चची पायी वारी करत होती, आजच्या दिवशी सगळेच करतात. पांढरा साधा झगा, अनवाणी, पाय धुळीने भरलेले. माणसं तिने फाटकाबाहेर ठेवली. एकटी आत आली. माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, तुमचा पेद्रो बघायचा आहे.

पुढच्या खोलीत तो उभा होता, बेबांगने चढवलेल्या झग्यात. ती गुडघ्यांवर बसली. बराच वेळ. मी पंखा लावला, उगाच, हाताला काम हवं म्हणून.

मग तिने सांगितलं काय हवं ते. दोन पेद्रो निघतील. पहिला माझा, जागेवर, नेहमीसारखा. त्याच्यामागे तिचा. आणि मी तिच्या पेद्रोशेजारून चालायचं. तिच्याबरोबर.

मी विचारलं, मीच का? छप्पर आहे, पूल आहे, शवपेट्या आहेत. गव्हर्नर व्हायला एवढं पुरत नाही?

"मतं मिळतील," ती म्हणाली. "पण तुम्ही चालला नाहीत, तर लोक आधी तुमच्याकडे बघतील आणि मग माझ्या बापाकडे. दर गुड फ्रायडेला बघत आलेत. मी बाल्कनीतून बघत होते ना. लहानपणापासून. तुमची आई खाली उभी, आणि आमचा बाप... मला ते संपवायचंय, मिस पेर्पे. माझ्या मुलांनी त्या बाल्कनीत उभं राहू नये."

खोटं बोलत नव्हती. हेच तर कठीण होतं. खोटं बोलणारी असती तर मी पाच मिनिटांत बाहेर काढली असती. मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. अदेल्फा आतल्या दाराआड उभी होती, तिचे पाय फटीतून दिसत होते.

मी म्हटलं, "संपवायला मलाही आवडेल. पण काय संपवायचं, तेच मला ठाऊक नाही. माझा भाऊ डोंगरात गेला, असं तुझ्या बापाने सांगितलं. बेचाळीस वर्षांत डोंगरातून एक ओळ आली नाही."

मी तिला "तुझ्या" म्हणाले, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

ती पेद्रोकडेच बघत होती. सांत्वन करायला निघालेल्या माणसाचा आवाज असतो, तसा मऊ आवाज.

"फार सभ्य होता तो. पाणी मागताना मला 'बाळ' म्हणाला."

पंखा फिरत होता.

कोर्टात अशी जागा मी कैक वेळा पाहिली आहे. साक्षीदार जास्त बोलून गेला की तो वकिलाकडे बघत नाही, न्यायाधीशाकडेही नाही. पहिल्यांदा स्टेनोकडे, म्हणजे माझ्याकडे, बघतो. मी उतरवलं का, ते बघायला.

ओनाय माझ्या बोटांकडे बघत होती.

सत्त्याहत्तरला ती अकरा वर्षांची असेल. अकरा वर्षांची पोर पाणी घेऊन कुठे जाते? घराच्या अंगणात. स्वतःच्या.

ती उठली. माझा हात पुन्हा घेतला, कपाळाला लावला. कपाळ ओलं होतं. फाटकापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मिस पेर्पे, मी लहान होते." एवढंच. मग पुढच्या चर्चला निघाली. मोटरसायकल तिच्यामागून गेली. आंब्याखाली आता कुणी नाही, आणि मला आजच सगळ्यांत जास्त भीती वाटते आहे.

मी खुर्चीत बसले. अदेल्फा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्यासमोर कागद आणून ठेवला, पेन आणून ठेवलं. तिचा तो नेमणुकीचा चेहरा पार गेला होता.

"तू लिही," ती म्हणाली. "मी नेऊन देते. तिच्या हातात."

गुरुवार, १८ एप्रिल. दुपारी चार.

दिलं. अदेल्फा चपला घालून गेली आहे. मजकूर इथेही उतरवून ठेवते.

मेयर ओनोराता मॉन्तेक्लारो: मिरवणुकीतल्या जागेबद्दलची माझी तक्रार मी मागे घेते. पहिली जागा तुम्ही घ्या. माझा पेद्रो घरी राहील. तुमच्या पेद्रोशेजारून, तुमच्याबरोबर, मी उद्या चालेन. सगळ्या गावासमोर. त्याआधी एवढं सांगा: सप्टेंबर १९७७ मध्ये माझा भाऊ नार्सिसो याला तुम्ही तुमच्या अंगणात पाणी दिलंत. पाणी प्यायल्यावर त्याला कुणी, कुठे नेलं, आणि तो आज कुठे आहे? उत्तर लेखी हवं, तुमच्या हाताने, तुमच्या सहीनिशी. उद्या, शुक्रवार, १९ एप्रिल, दुपारी तीनच्या आत.